रुखमा शेवट बघून गेली

फोन आला तेव्हा मी पाथरीला लेकीकडे होते. रुखमाची सून म्हणाली, "मोठ्या आई, आत्याबाई गेल्या..." मी भाकर खाऊन एसटीला बसले. उपाशी निघाले असते तरी रुखमा काही उठून बसणार नव्हती.

रुखमा माझी धाकटी जाऊ. पेडगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून, चुली वेगळ्या, भांडणं एकत्र. माणूस गेलं की त्याचं सगळं गोड बोलतात, मला ते जमत नाही. ती हट्टी होती, भाजीत मीठ जास्त टाकायची आणि वर "तुमचीच जीभ बिघडली" म्हणायची. पण गोष्ट ऐकावी तर तिनंच. श्रावणात कहाणी वाचायचं काम माझ्याकडे, कारण आमच्या गल्लीत चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच. बायका मुठीत तांदळाचे दाणे धरून ऐकतात आणि कहाणी संपली की देवापुढे ठेवतात. संपायच्या आधी दाणे ठेवायचे नाहीत. एकदा तिचा बैल सुटला तरी ती मूठ आवळून बसून राहिली.

पोरं लहान होती तेव्हा टीव्हीवर दर रविवारी चित्रांची एक मालिका लागायची. जादूगारानं एका पोरीची सावली चोरलेली असते आणि ती पोर डोंगर, समुद्र ओलांडत सावली शोधत जाते. पोरांच्या मागे रुखमा बसायची, मुठीत दाणे धरून. भाग संपला की दाणे फडक्यात बांधायची, पुढच्या रविवारी तेच पुन्हा हातात घ्यायची. मी म्हणाले, "अगं, हे कार्टून हाय, देवाची कहाणी न्हाई." ती म्हणाली, "आक्का, गोष्ट ती गोष्ट. तू गप बस."

पोरगी जादूगाराच्या गुहेच्या तोंडाशी पोचली, पुढच्या रविवारी शेवट होता... आणि गावची विजेची डीपी जळाली. नवी येईपर्यंत टीव्हीवर दुसरंच काही सुरू झालं होतं. रुखमाचं फडकं देवघरात तसंच राहिलं. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी दर उन्हाळ्यात ती त्या दाण्यांना ऊन दाखवायची. सुना हसायच्या. हसू दे म्हणायची.

अलीकडे तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगा तिला सांगेना. मी सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "मंग त्या पोरीचं काय झालं, ते ऱ्हाऊनच जायलंय की."

मी पुण्याच्या नातीला फोन लावला. ती म्हणाली, जुनी मालिका साफसूफ करून आता डिस्कवर विकायला आलीय, अख्खी. तिनं खोका पाठवला. वर तीच पोरगी, पायाशी सावली नाही. पण गावात डिस्क लावायचं मशीन कुणाकडे? सगळे मोबाइलवर बघणारे. शेवटी लग्नाचं शूटिंग करणारे रहीमभाई आपलं जुनं मशीन घेऊन आले, वायरी जोडल्या. मी म्हणाले, "शेवटची डिस्क लावा, भाई."

रुखमा खाटेवरून ओरडली, "मधूनच? पहिल्यापासून लाव!"

"तुझ्याकडं तेवढा येळ न्हाई, रुखमे."

"मंग बोलत काय बसलीस? लवकर लाव."

रहीमभाई हसू दाबत म्हणाले, "काकी, तुमी दोघी ठरवा, मी तवर च्या पितो."

ठरलं तिच्याच मनासारखं. रोज दुपारी बघायचो. तिला धाप लागायची, मधेच डोळा लागायचा, मग जागी झाली की मागे घ्यायला लावायची. माझा जीव टांगलेला. शेवट आधीच बघून घ्यावा असं मी रोज म्हणायचे, रोज शिव्या खायचे.

शेवटचा भाग लागला त्या दिवशी ती उशीला टेकून ताठ बसली. पोरीला सावली सापडली, पण ती लहानच होती, चोरली तेव्हाएवढी. पोर मात्र उंच झालेली. मला ते वाईट वाटलं. रुखमा हसली. "वाढंल की. उन्हातानात फिरली की वाढंल." मग तिनं दाणे देवापुढे ठेवायला लावले आणि म्हणाली, "आता पुन्यांदा लाव."

दुसऱ्या खेपेला पोर अजून समुद्रापाशीच होती, मी दोन दिवसांसाठी पाथरीला लेकीकडे गेले आणि मागे रुखमा गेली.

तिसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या. मशीनमध्ये अर्धवट डिस्क बघून एक म्हणाली, "बिचारीची गोष्ट अर्धीच राहिली. जीव अडकला आसंल..."

मी म्हणाले, "तिची न्हाई, तुमची राहिलीय. बसा."

मी पहिल्यापासून सांगायला लागले. शेजारणीनं आणलेला चहा गार झाला, पण एकही बाई उठली नाही.