सांध्याखालचं झाड

जंभेरीचं पान चुरगळलं की वास थेट कपाळात चढतो, उग्र, आंबट, एखाद्या भांडखोर माणसासारखा. आणि रंगपूर लिंबाचं चुरगळलं तर तोच वास संत्र्याकडे झुकतो, मवाळ होतो, बोटांवर रेंगाळत राहतो. जामनेरला आमची रोपवाटिका आहे, आणि हा फरक मला पाढ्यांच्या आधी यायचा, याचा केवढा अभिमान होता मला! फाल्गुनातल्या त्या सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, मी मागे उरलेल्या चाळीसेक मोसंबीच्या पिशव्यांना पाणी देत होते. एका रोपाला कलमाच्या सांध्याच्या खालून फूट आली होती. सवयीने खुडली, सवयीनेच चुरगळून नाकाशी नेली, आणि हात तिथेच थांबला. फूट जंभेरीची होती. वाफ्यावरची पाटी मात्र 'रंगपूर' म्हणत होती.

आमच्याकडची मोसंबी स्वतःच्या मुळांवर उभी नसते, हे किती जणांना माहीत असतं? खाली असतो जंभेरी किंवा रंगपूरसारख्या रानवट लिंबाचा खुंट. त्याची साल अलगद चिरून मोसंबीचा एक डोळा आत भरायचा, पट्टी बांधायची, डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटून टाकायचा. मग जन्मभर वरचं झाड नाव मिरवतं आणि खालचं अंधारात निमूट राबतं. पण ठरवतं खालचंच! जंभेरीवर मोसंबी सुसाट वाढते, बघत राहावं अशी; मात्र ओल धरणाऱ्या काळ्या मातीत तिला डिंक्या चटकन गाठतो, बुंध्याची साल चिरते, डिंक गळायला लागतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. रंगपूरवर ती सावकाश वाढते, पण अशा मातीत जास्त तगते.

चूक माझीच होती, आणि ती माझ्या फोनमध्ये होती. तीन वर्षांपूर्वी दोन्हींच्या बिया राखेत चोळून दोन गोणपाटांवर सावलीत पसरल्या होत्या. मी व्हिडिओ काढत होते, उत्साहाने नुसती फसफसत. उजेड छान यावा म्हणून दोन्ही गोणपाटं अंगणाच्या कडेला ओढली आणि परत ठेवताना डावीकडचं उजवीकडे ठेवलं. मग नुसती जागा पाहून बिया पेरल्या आणि पाट्याही तशाच लावल्या. लाल पट्ट्याचं गोणपाट जंभेरीचं. आता तोच व्हिडिओ पुन्हा लावला तर शेवटी ते स्पष्ट दिसतं, चुकीच्या जागी. किती लोकांनी पाहिला होता तो! 'ताई, मस्त माहिती' म्हणाले होते.

त्या वाफ्यातली दोनशे रोपं गेल्या पावसाळ्यात बोदवडकडच्या एका शेतकऱ्याने, नानांनी, नेली होती. त्यांची आधीची सगळी बाग डिंक्याने गेली होती. रोपं गाडीत चढवताना म्हणाले होते, "रंगपूरच दे हं पोरी. दुसऱ्यांदा झाडं तोडाची ताकद नाई माह्यात." मी हसत म्हटलं होतं, "नाना, डोळे मी स्वतः भरलेत!"

वडिलांना, म्हणजे भाऊंना, सांगितलं. ते ओट्यावर बसून चाकूला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाग कशी हाये त्याची?"

"जोमात आहे."

"मंग? गप राह्य. एका घरात सांगशीन, तालुक्यात पसरीन."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त चाकू घासत राहिले, आणि त्या आवाजातून मला बाहेर पडता येईना.

नंतरचे आठ दिवस कसे गेले सांगू? रोपांच्या कौतुकाचे नानांचे आवाजी संदेश यायचे. "पाह्य, तुह्या पोरी कशा वाढून राह्यल्या!" त्यांच्या प्रत्येक आनंदी वाक्यासरशी माझ्याभोवती पट्टीचा आणखी एक वेढा बसायचा. कलमाची पट्टीही अशीच असते. वेळेवर सोडली नाही तर वाढणाऱ्या झाडालाच काचते. शेवटी भाऊंना न सांगता मोरचूद आणि चुना डिकीत टाकला, बुंध्याला लावायच्या मलमासाठी, आणि गाडी बोदवडकडे वळवली. वाटेत कपाशीच्या पऱ्हाटीचे ढीग, केळीच्या बागांतून येणारा गार ओला वारा, आणि माझ्या घशात तयार केलेलं एकच वाक्य.

नाना बांधावरच भेटले. त्यांनी मला आधी सगळी बाग फिरवली! कमरेच्या वर गेलेली झाडं, तांबूस कोवळी पालवी, खाली काळी, भेगाळायला लागलेली माती. मी थांबले आणि ते वाक्य बोलून टाकलं.

नानांनी बुंध्याजवळचं एक ढेकूळ उचलून बोटांत चुरडलं.

"तुह्या बापाले माहीत हाये?"

"हो."

"तो नाई आला."

मी खाली बघितलं. मग भराभर बोलत सुटले: बुंध्याला पाणी लागू द्यायचं नाही, दुहेरी आळं करायचं, पावसाळ्याआधी मलम, नंतर पुन्हा मलम, मी येईन, दरवर्षी येईन. नानांनी हाताने थांबवलं.

"आन या सखलातल्या रांगेचं काय? इथं तर पाणी साचतेच."

"ती नाही वाचणार, नाना," मी म्हटलं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

ते रांगेतल्या पहिल्या झाडापाशी वाकले, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ओढला. झाड हललंसुद्धा नाही. पुन्हा ओढला, मान आणि कानशिलं लाल झाली. न राहवून मीही धरला, त्यांच्या हातांच्या खाली, सांध्याच्याही खाली. आम्ही दोघांनी जोर लावला. माती नुसती फुगली आणि परत बसली.

"पाह्य!" नाना धापा टाकत, जवळजवळ हसत म्हणाले, "इतकं धरून हाये, आन तू म्हणते हे मरीन."

मुळं खोटं बोलत नव्हती. त्यांना पुढचा पावसाळा माहीत नव्हता, इतकंच. नानांनी हात काढले नाहीत, मीही काढले नाहीत. आता आम्ही ते उपटत होतो की सावरून धरलं होतं, हे लांबून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं.