खालचं तोंड आधी

भातखाचराच्या बांधाला पाडलेल्या तोंडातून पाणी बाहेर पडताना एक आवाज होतो. तो धबधब्यासारखा उन्मत्त नसतो, ओढ्यासारखा बडबडाही नसतो. भरलेला हंडा डोक्यावरून खाली उतरवल्यावर बाईच्या छातीतून जो संथ, दीर्घ निःश्वास निघतो, त्याच्या जातीचा तो आहे. मुळशीच्या या डोंगरउतारावर पावसाळाभर तो चालूच असतो आणि इथल्या माणसांना तो ऐकूही येत नाही. मला मात्र येतो. ज्या मुलखात पाणी निघून जाऊ देणं हा अपराध मानतात, तिथून मी आले, म्हणून असेल.

माझं माहेर आटपाडीकडचं. तिथे पाण्याचा आवाज म्हणजे आटलेल्या विहिरीच्या तळाशी बसून करवंटीनं घागर भरतानाचा आवाज, थोडा पाण्याचा आणि जास्त दगडाचा. मी चौथीत असताना आमच्याकडचा पाऊस पुन्हा चुकला, पाण्याची वणवण माझ्याकडे आली आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे वडील हमालीसाठी पुण्याला गेले, तिथल्या ओळखीतून मावळातलं हे स्थळ आलं. आई एवढंच म्हणाली, ‘पोरीला भात मिळंल.’ भात मिळाला. त्या पहिल्या वाफाळत्या ताटाचं ऋण मी आजही मानते. पण कृतज्ञतेच्या पाठीला पाठ लावून भीती बसलेली असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? दर घासाला मला वाटायचं, हेही एक दिवस आटेल.

आणि ते आटलं. इथे कधी पाऊस उणा पडेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, पण लागोपाठ काही वर्षं त्यानं पाठ फिरवली. डोंगरातला झरा बोटाएवढा झाला. त्या झऱ्यावर कुणी आधी भरायचं, यावरून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आमच्या खालच्या खाचराच्या कोंडाकाकी, त्यांची चुलत जाऊ, यांच्यात असं भांडण जुंपलं की बोलणंच बंद पडलं. एका भावकीतल्या दोघी, एका वाटेनं जायच्या, आणि मधून जणू भिंत चालायची.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं मागे हटलं आणि त्याखाली गेलेल्या जुन्या गावांची जमीन उघडी पडली. आत्याबाई मला घेऊन तिथे गेल्या. भेगाळलेल्या गाळातून एक बांध वर आला होता. ‘ह्यो माज्या बापाचा,’ त्या म्हणाल्या. त्या लहान होत्या तेव्हा त्यांचं गाव पाण्यात गेलेलं. माझं माहेर कोरडं पडलेलं, त्यांचं बुडालेलं. त्या दिवशी आम्ही दोघी माहेरापासून सारख्याच लांबच्या झालो. त्यांनी बांधाचा दगड हलवून पाहिला. तो हलला नाही. इतकी वर्षं पाण्याखाली राहून हा शाबूत कसा, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘दोनी अंगानं पानी व्हतं न्हवं. बांद फुटतो त्यो येकाच अंगाला कोंडलं की.’ एवढं बोलून त्या घराकडे वळल्या. ते वाक्य मी मात्र बरोबर आणलं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस परतला. लावणी उरकली, आणि गावानं ती चूक केली, जी तहानलेलं गावच करू शकतं. सगळ्यांनी बांध उंच केले आणि गवतासकट काढलेल्या मातीच्या ढेपा घालून खाचरांची तोंडं बुजवून टाकली. ज्या आत्याबाई मला ‘दुष्काळाकडची’ म्हणून चिडवायच्या, त्याच आता खाचराच्या तोंडावर पाय देऊन ढेपा दाबत म्हणाल्या, ‘औंदा थेंब खाली जाऊ द्यायचा न्हाई.’ मला किती हर्ष झाला, काय सांगू! सासर पहिल्यांदाच माझ्या माहेरासारखं वागलं होतं.

मग वादळ आलं. वारा समोरच्या कड्यावरून पावसाचे पडदेच्या पडदे ओढत होता. ओढ्याला पूर आला आणि पौडला गेलेले आमचे हे पलीकडेच अडकले. दुपारी आम्ही दोघी पावसासाठी पानांची इरली पाठीवर घेऊन खाचरावर गेलो, तर भात कुठे दिसेना, नुसतं तांबूस पाणी. बांधाचं पोट बाहेर आलं होतं.

इथली एक रीत आहे. पाणी वरून खाली भरत येतं, पण सोडायचं ते खालून वर. खालच्यानं आपलं तोंड ओढ्याकडे उघडायचं, मगच वरच्यानं आपलं. वरच्यानं हाक द्यायची, खालच्याची ओ येईपर्यंत फावडं लावायचं नाही. आम्ही आधी सोडलं, तर काकींचं तुडुंब खाचर रोपांसकट ओढ्यात जाणार. नाही सोडलं आणि आमचा बांध फुटला, तर दोन्ही जाणार. वर्षाचं अन्न तेवढंच होतं, आमचंही आणि त्यांचंही.

झऱ्यावरच्या भांडणानंतर आत्याबाईंनी पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं. ‘कोंडेऽ, पानी सोडायचं हायेऽ!’ वाऱ्यानं ती हाक तोंडातूनच उचलून नेली. पुन्हा हाक. ओ नाही. मी म्हटलं, ‘आत्याबाई, आता सोडू या, बांध जातोय.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘तिची ओ आली व्हय तुला? मला न्हाई आली.’ आणि पाणी काकींच्या खाचरावर जाऊ नये म्हणून त्या कडेचा, घळीकडचा बांध फोडू लागल्या.

त्या बाजूला पाणी सोडणं म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल. घळ उभी आहे. तिकडे गेलेलं पाणी रोपं नेतं आणि त्यांच्याखालची मातीही नेतं. ती माती पाट्या वाहून वाहून पिढ्यांनी त्या खडकावर अंथरलेली. तो कोपरा आमच्या डोळ्यांदेखत निघाला. मी फावडं घेऊन नुसती उभी होते, आणि काय करावं न सुचून खाली पाहत होते.

तेव्हा मला ते दिसलं. खालच्या तांबड्या पाण्यावर बारीक हिरवे ठिपके उमटत होते. आधी वाटलं, पाऊसच नाचतोय. मग ठिपक्यांच्या ओळी झाल्या. ते बुडालेल्या रोपांचे शेंडे होते. काकींनी आपलं तोंड उघडलं होतं, त्यांचं पाणी उतरत होतं! मी आत्याबाईंचा हात धरून दाखवलं. त्यांनी खाली पाहिलं, फोडलेल्या बांधात इरल्यासकट बसून पाठीनं पाणी अडवलं आणि म्हणाल्या, ‘बगती काय? तोंड मोकळं कर.’ मी ढेपा उपसल्या. पाण्यानं निःश्वास सोडला.

पाऊस ओसरल्यावर काकी आल्या. डोक्यावर लावणीतून उरलेल्या रोपांच्या पेंढ्या, चेहरा तसाच आंबट. ‘तुजा कोपरा टकलावानी दिसतोय,’ असं म्हणून त्यांनी पेंढ्या टाकल्या. आत्याबाई म्हणाल्या, ‘आदी माती तर घालू दे.’ दोघी पाट्या घेऊन वाकल्या. बऱ्याच वेळानं आत्याबाईंनी विचारलं, ‘हाक ऐकू आली व्हती व्हय?’

‘कशाची हाक? कानात नुसता वारा.’ काकींनी पाटी रिकामी केली. ‘पर येवडं पानी झाल्याव तू हाक मारनार, ह्ये म्हाईत हाय की.’

त्या कोपऱ्यातलं भात त्या साली उशिरा पिकलं आणि थोडंच पिकलं. पण पिकलं. माझी भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ज्यांनी करवंटीनं पाणी भरलं त्यांची ती जात नसते. आता फक्त ती एकाच अंगाला कोंडलेली नाही. पाऊस चढू लागला की माणसं आभाळाकडे बघतात. मी खाली बघते. काकींच्या खाचराकडून तो संथ, जड आवाज येतो का, कान देते. आणि आला की फावडं उचलते.