पोर्चवरचा सडा

मळवलीच्या ज्या बंगल्याची वडील राखण करतात, त्याच्याच मागच्या खोलीत आम्ही राहतो. मालकांच्या सांगण्यावरून वडिलांनी पोर्चच्या काँक्रीटला रंग चढवून दगडाचं रूप दिलं. वरचा चकचकीत लेप तेवढा बाकी होता. सकाळी मालक येणार म्हणून आईने सवयीने तिथे शेणाचा सडा घातला. धुतलं तरी हिरवट डाग राहिले.

"सोडा आता हितली खोली," वडील म्हणाले.

"पाव्हणं यायचं, अन् दार कोरडं ठिवायचं व्हय?" आई पुटपुटली.

मालकांनी वाकून पाहिलं. "वा भाऊ! अगदी शेवाळलेला दगड!"

खोली राहिली. पण कॉलेजातून सुट्टीला येतो तेव्हा आमच्या दारातही सडा नसतो. आईला कारण विचारायचा मला धीर होत नाही.