खळ्याएवढे मैदान

दिनांक ४ फेब्रुवारी १९९१ रोजी मी आमच्या शाळेच्या चिटणिसांकडे लेखी तक्रार दाखल केली, ती अशी : शारीरिक शिक्षणाचे शिक्षक श्री. लोटन पाटील हे फुटबॉलच्या सरावात मुलांना दर चार मिनिटांनी तीन मिनिटे खाली बसवतात. तासातला निम्मा वेळ आळसात जातो. खाली माझ्यासह एकोणीस पालकांच्या सह्या. मसुदा माझा, तहसिलीतल्या अव्वल कारकुनाचा. त्यात कोठेही फट नव्हती.

लोटनसर धरणगावकडचे. मनगटी घड्याळाचा पट्टा तुटलेला, म्हणून ते सुतळीने बांधलेले. मुले बसली की सर प्रत्येकाच्या मानेवर दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजत आणि वहीत लिहीत. त्या वर्षी शाळेने बहुतेक मैदान एका व्यापाऱ्याला कापसाच्या गंजींसाठी दिले होते. उरला खळ्याएवढा तुकडा. त्यात सर चार विरुद्ध चार खेळवीत.

तक्रारीआधी त्यांनी मला वही दाखवली होती. मोठ्या मैदानावर, अकरा-अकरा खेळताना, ठोके अडतीस-चाळीस. या तुकड्यात अठ्ठेचाळीस, पन्नास.

"तठे चेंडू दूर गया का पोऱ्या उभा ऱ्हास. आठे उभं ऱ्हावाले जागाच नई. मैदान न्हानं शे भाऊ, पन काम मोठं शे."

लहान तुकड्यात पोरांना थांबायला जागाच नाही, म्हणून दम जास्त, असे सरांचे म्हणणे. मी हसलो. चिटणीस बन्सीलालशेठ तर वही पाहून मोठ्यानेच हसले. "अहो सर, खळ्यात खेळून कोणी दमतं का? मग आमच्या सुना रोज अंगण झाडून आडव्याच पडायला हव्यात!"

विश्रांती रद्द झाली. सरांना हजेरीपत्रके लिहायला बसवण्यात आले आणि मैदानावर शिट्टी घेऊन शाळेचा लिपिक उभा राहिला.

११ मार्च. दुपारचे चार. माझ्या तक्रारीचे फळ पाहायला मी स्वतः गेलो. गंजींमुळे वारा अडलेला. पंचवीस मिनिटे खेळ अखंड चालला होता आणि मला समाधान वाटत होते. मग माझा तेरा वर्षांचा गिरधर चेंडू सोडून गंजीकडे धावत सुटला. मला वाटले, थट्टा करतो आहे. तो खाली बसला. ओठ पांढरे, कातडी तापलेली. मी जवळ गेलो, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, अजून किती वेळ?"

त्याने मला ओळखले नव्हते.

मी त्याच्या मानेवर दोन बोटे ठेवली. ठोके त्याचे की माझे, तेच कळेना.

लोटनसर अनवाणी धावत आले. त्याला सावलीत ओढले, अंगावर पाणी ओतले, हजेरीपत्रकाने वारा घातला. मानेवर बोटे. "बावन्न." मी देवाचे नावही विसरलो. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "अडतीस." गिरधरने डोळे उघडले आणि "बाबा" म्हणाला. मग सरांनी तीच दोन बोटे माझ्या मानेवर ठेवली.

"तुम्ही बी बसा, भाऊ."

एवढेच.

गिरधर आता बरा आहे. त्याला मी मैदानावर पाठवत नाही. पण चार वाजले की कार्यालयात माझी लेखणी थांबते, कारण शिट्टी अजून लिपिकाकडेच आहे आणि तुमची मुले त्याच तुकड्यात धावत आहेत. मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज दिला. बन्सीलालशेठ म्हणाले, "तक्रार एकोणीस जणांची, एकट्याने कशी मागे घेता येईल?" नियमाप्रमाणे ते बरोबर आहेत. मसुदा माझाच आहे.

पालकहो, उरलेल्या अठरा सह्या तुमच्या आहेत. येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेत या आणि आपापली सही आपल्या हाताने खोडा.