बाईंचं अर्धं वाक्य

ठोंबरे बाई वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याकडे बघत राहायच्या. विसरल्या म्हणून नव्हे, मुद्दाम. राजुरीच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच संध्याकाळी शेजारी म्हणून त्यांनी मला चहाला बोलावलं. मी ओट्यावर टेकतो न टेकतो तोच म्हणाल्या, "सर, चहा उकळला की..." आणि थांबल्या. भुवया वर. मी बावळटासारखा बघत राहिलो. आपलं काही चुकलं की काय, असंही वाटून गेलं. शेवटी गोठ्याकडून आवाज आला, "...आमी पिऊ शकतो!"

आवाज बाईंच्या यजमानांचा, बबनभाऊंचा. दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, शाळा सातवीपर्यंत आणि बोलणं गावाला पुरून उरेल एवढं. हात पुसत बाहेर आले नि म्हणाले, "पावणं, घाबरू नका. हिचं आसंच हाय. आर्धं सोता बोलती, आर्धं दुसऱ्याच्या गळ्यात घालती. तुमी पन शिकून घ्या, न्हाईतर चहा न्हाई मिळायचा."

बाई इंग्रजी शिकवायच्या. मिश्र वाक्याचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. "इफ, व्हेन, अनटिल यांनी सुरू झालेलं वाक्य एकटं उभं राहू शकत नाही, त्याला सोबत लागते," असं त्या मुलांना सांगायच्या. सोबतीच्या वाक्यात कोणतं क्रियापद घालायचं, याचा त्यांचा हिशेब साधा होता. "अंगात ताकद असली तर कॅन. खात्री नसली तर मे. सुटकाच नसली तर मस्ट." 'मस्ट' म्हणताना खडू फळ्यावर आपटायच्या. मग अर्धं वाक्य टाकून वर्गावरून बोट फिरवायच्या. ज्याच्यावर बोट थांबेल त्यानं ते पुरं करायचं. कुणी चाचरला तर म्हणायच्या, "लोंबकळत ठेवायचं नाही. ऐकलंस ना? मग आता ते वाक्य तुझं."

संध्याकाळी ओट्यावर शिकवणी असे. बोरी बुद्रुकची पोरंसुद्धा सायकली हाणत यायची. भाऊ गोठ्यात दुधाचे कॅन धुता धुता सगळं ऐकत आणि मध्येच उत्तर ठोकून देत. त्यांचं उत्तर कायम 'मस्ट'चं. बाईंनी "व्हेन द गेस्ट कम्स..." म्हणायचा अवकाश, गोठ्यातून "...ही मस्ट गो!" पोरं हसून लोळायची. बाई डोळे वटारायच्या, पण पुढचं अर्धं वाक्य टाकताना त्यांची नजर हळूच गोठ्याकडेच जायची. मी थट्टा करायचो, "बाई, तुम्ही दोघांनी एकच तोंड वाटून घेतलंय." त्या थट्टेची आज मला भीती वाटते.

कारण पुढे भाऊंना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ओठ हलत, कपाळाला घाम येई, पण 'पाणी' एवढा शब्द काही बाहेर पडत नसे. मग ते डाव्या हातानं खाटेवर ठोसे मारत. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम बाईंनी नेमानं करून घेतले, उपयोग शून्य. त्या दिवसांत बाईंनी घरात अर्धं वाक्य बोलणंच सोडून दिलं. "कुणापुढं टाकू, सर?" असं मला म्हणाल्या.

परीक्षा जवळ आली म्हणून शिकवणी मात्र पुन्हा सुरू करावी लागली. काढलेला कांदा अंगणात पडला होता आणि आभाळ भरून आलं होतं. मी माझ्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होतो. बाई पोरांना म्हणाल्या, "इफ इट रेन्स टुनाइट..." आणि आतून, खाटेवरून, जड पण स्वच्छ आवाज आला, "...वी मस्ट कव्हर द अनियन्स."

पोरं हसली नाहीत. मी हातातले कपडे टाकून धावलो. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पदर तोंडाशी. जरा सावरल्यावर त्यांनी हळूच टाकलं, "व्हेन द गेस्ट कम्स..."

"...ही मस्ट गो," भाऊ म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

भाऊंना वाक्य सुरू करता येत नव्हतं, पुरं मात्र करता येत होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सवयीची वाट शाबूत राहते. बाईंनी ती वाट धरली आणि इंग्रजीवरून त्यांना मराठीवर आणलं. "तहान लागली की..." "...पानी पायजे." "दिवेलागण झाली की..." "...दिवा लावला पायजे." "भूक नसली तरी..." "...घासभर खाईन." हळूहळू राग, हट्ट, दुखणं, सगळं त्या वाटेनं येऊ लागलं. पण सुरुवात बाईंनीच करायला हवी. मी केली तर भाऊ माझ्यापलीकडे बाईंना शोधत. सून सारिका त्यांना आबा म्हणायची, तिनं केली तरी तेच.

हे बाईंना फार खुपायचं. शाळेतून येताना एकदा म्हणाल्या, "सर, मी नसले तर..." मी सवयीनं पुरं करायला गेलो आणि जीभ अडखळली. कधी नव्हे ते त्यांनी स्वतःचं वाक्य स्वतःच पुरं केलं. "...ह्यांना बोलतं कोण करणार?" मी काहीतरीच काय म्हणून विषय बदलला.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. शाळेतून आल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

भाऊ गप्प झाले. मी रोज जाऊन बसायचो. बाईंचीच वाक्यं बाईंच्याच चालीवर टाकून बघायचो. भाऊ ओट्यावरच्या बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचे. मराठीचा मास्तर मी, सगळं आयुष्य वाक्यांत गेलं, आणि एका माणसाला एक वाक्य सुरू करून देता येईना.

तेरावं होऊन काही दिवस झाले असतील. सारिका कुंपणाशी आली, चेहरा पांढराफटक. "सर, आबा बोलाया लागल्यात."

"अगं, मग चांगलंच झालं की!"

"कुनी काय इचारलं नसताना बोलत्यात. मला लई भ्या वाटतंय."

गेलो. दिवेलागणीची वेळ होती. भाऊ खुर्चीसमोर खाटेवर बसले होते. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "...दिवा लावला पायजे." पुन्हा शांतता. "...घासभर खाईन." मधला थांबा बाईंच्या अर्ध्या वाक्याएवढाच. त्या थांब्यात भाऊंची मान जराशी कललेली असे, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.  थोड्या वेळानं तर पहिली अर्धी वाक्यं मला मनात बाईंच्या आवाजात ऐकू येऊ लागली, आणि ती काही केल्या थांबेनात.

सारिका देवऋषीला बोलवू म्हणत होती, निदान ती खुर्ची तरी आत टाकू. "खुर्ची राहू दे," मी म्हटलं. मी स्वतःची समजूत घातली. सवयीची वाट, डॉक्टर म्हणालेच होते. ही जुनीच उत्तरं आहेत, पाठ झालेली. एकदा धीर करून विचारलंसुद्धा, "भाऊ, बाई काय म्हणतात?" त्यांचे ओठ हलले, कपाळाला घाम आला, शब्द आला नाही. सुरुवात करणं त्यांच्या हाती नव्हतंच.

यंदा माझी बदली अवसरी बुद्रुकला झाली. परवा सामान टेम्पोत चढवून निरोप घ्यायला गेलो. भाऊंजवळ थोडं बसलो. आता यांच्यापाशी संध्याकाळी कोण बसणार, हा विचार डोक्यातून जात नव्हता. काही न बोलता त्यांच्या पायांना हात लावला, ओट्याखाली उतरलो आणि चपला घातल्या.

मागे तो थांबा पडला. मी ओळखला आणि पाठमोराच उभा राहिलो.

"...सरांनी जेवूनच जायला पायजे," भाऊ म्हणाले.

हे उत्तर पाठातलं नव्हतं. मी ते त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. सारिकानं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ताट वाढायला आत गेली. मी चपला काढल्या आणि खुर्चीला वळसा घालून तिच्या मागोमाग घरात गेलो.