सावळीरामची ठकी

सावळीरामला एका जागी बसवेना. झेंडूच्या वाफ्यातून उठून तो पुन्हा गोदावरीच्या काठावर गेला आणि डोहाकडे पाहून माघारी आला. फुलं तोडता तोडता बायको सुलाबाई म्हणाली, "आवं, घटकाभर टेका की. वनखात्याची माणसं यायची तवा येतील."

काही वर्षांपूर्वी पूर ओसरला, तेव्हा याच वाफ्यात हातभर लांबीचं मगरीचं पिल्लू चिखलात रुतलेलं त्याला सापडलं होतं. घमेल्यात घालून त्यानं ते पाण्याच्या मोटारीजवळच्या हौदात सोडलं. पत्र्याचा डबा ठणठण वाजवायचा, "ये गं ठके" म्हणायचं आणि बारकी मासळी टाकायची. हौदात मावेना झाली तेव्हा त्यानं ठकीला नदीत सोडलं, पण ती डोह सोडून गेलीच नाही. डबा वाजला की पाण्यावर दोन डोळे यायचे आणि सरकत सरकत काठाला लागायचे. बाजारात फुलांना उठाव नसला की सावळीराम सगळी चिडचिड तिच्यासमोर ओकायचा. ती पडून ऐकायची. निदान त्याला तरी तसं वाटायचं.

गेल्या सोमवारी शेजारची अक्काबाई डोहाच्या कडेला हंडा घासत होती. हंडा दगडावर आपटून ठण्ण वाजला, आणि पाण्यातून ठकी उसळून वर आली. अक्काबाई मागच्या मागं पडली म्हणून वाचली. पदर तेवढा जबड्यात गेला.

"तिला वाटलं मीच बोलावतोय," सावळीराम भेटेल त्याला सांगत सुटला. "तिच्या मनात काय नव्हतं."

पंचनाम्याला आलेली वनरक्षक राखी म्हणाली, "काका, हे तर जास्तच वाईट. तुम्ही तिची माणसाची भीती घालवलीत. आता पिंजरा लावून तिला लांब सोडावं लागेल."

"जरा थांबा ताई. मीच तिला भिववून लावतो."

त्यानं काठावरून दगड भिरकावले. पाण्यात डुबुक आवाज झाला की ठकी आणखी जवळ यायची. मासळीही तशीच तर पडायची! मग त्यानं बांबू घेतला, डोळे मिटले आणि तिच्या नाकाडावर हाणला. ती बुडाली. थोड्या वेळानं पुन्हा त्याच्याच पायाशी वर आली. सावळीरामच्या हातातला बांबू गळून पडला.

पिंजरा लागला. आतली मासळी कुजली, पण ठकी नुसती भोवती फिरत राहिली. ती आपल्याच डब्याला येणार, हे सावळीरामला कळलं. तो घरी जाऊन डबा घेऊन आला. पिंजऱ्यामागं उभं राहून त्यानं तो वाजवला.

"ये गं ठके."

ती सरळ आत आली. मागं दार आपटलं.

टेम्पोत तिच्या डोळ्यांवर ओलं गोणपाट होतं, जबडा दोरीनं बांधलेला. सावळीराम हट्टानं शेजारी बसला. "भिऊ नको, मी हाय," असं वाटभर म्हणत राहिला. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर दोरी सुटली, तशी ठकी क्षणभरही न थांबता पाण्यात गेली. त्याच्या घशाशी हाक आली होती. त्यानं उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. आली असती, तर पुन्हा सगळं तेच.

त्या संध्याकाळी त्यानं भाकरीचं ताट बाजूला सारलं.

"जित्ती हाय ना ती?" सुलाबाई म्हणाली. "मग?"

"तिथं काठावर कोणी धुणंभांडी करतं का, ते बघायचं ऱ्हायलं."

"वनखात्याची माणसं बघतील की."

"त्यांना ती कुठं म्हाईत हाय?"

दुसऱ्या दिवशी फुलांचा तोडा बायकोवर टाकून त्यानं एसटी पकडली. धरणाच्या काठावर दोन बायका कपडे आपटत होत्या. "बायांनो, पाण्यात मगर हाय," तो लांबूनच ओरडला. "काय खायला टाकू नका तिला. शिळंपाकंसुद्धा नाय. लय लवकर लळा लागतो तिला."

"तुम्ही कोण?" एकीनं विचारलं.

सावळीरामनं पुन्हा पाण्याकडंच बोट दाखवलं. बायकांनी घाईनं कपडे गोळा केले आणि त्या वस्तीतल्या हापशाकडं निघाल्या. त्यांच्या मागं पाणी सपाट पसरलेलं होतं. सावळीरामनं त्यावर दोन डोळे शोधले. मग पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचून तो काठाकाठानं पुढच्या वस्तीकडं चालू लागला.