मंजुळाबाईंनी लावलेला कौल

घोडबंदर रोडवर तिसऱ्या मजल्यावर बसून मी चौदा वर्षं लोकांची मुलं परदेशी शिकायला पाठवते आहे. आताशा कंटाळा येतो. सगळ्यांचे प्रश्न तेच: रँकिंग किती, नोकरी लागेल का, शेजाऱ्यांचा मुलगा कुठे गेला. माझी उत्तरंही तीच.

मंजुळाबाई मात्र काहीच विचारत नसत. चेंदणी कोळीवाड्यातल्या, पन्नाशी उलटलेल्या. नवरा गेल्यावर मासळी बाजारात बसून त्यांनी दोन मुलं शिकवली. धाकट्या दक्षताला कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी जर्मनी आणि आयर्लंड असा दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. तिला जर्मनी हवं होतं, तिच्या आवडीचा विषय तिथेच चांगला होता म्हणून. थोरल्या जयेशला आयर्लंड बरं वाटत होतं. तिथे इंग्रजी चालतं, त्याच्या ऑफिसातले चौघे तिथे आहेत, हे त्याचं म्हणणं.

दोन महिने ही भावंडं माझ्या टेबलाशी भांडली. तो तक्ते घेऊन यायचा, ती तोंड फुगवून बसायची. मंजुळाबाई मधल्या खुर्चीत डुलक्या काढायच्या. पहाटे चारला उठणाऱ्या बाईला माझा एसी मानवायचा. शेवटी दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. जर्मनीला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा गेली. घरचं घरात मिटवून या, असं मी फटकून सांगितलं. मलाही दमायला झालं होतं.

गुरुवारी तिघं आले आणि पहिल्यांदाच मंजुळाबाई स्वतःहून बोलल्या. सकाळी एकटीने जाऊन त्यांनी गावदेवीला कौल लावला होता. पुजारी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवतो, आपण प्रश्न मनातल्या मनात विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीने जर्मनीला उजवा दिला, असं त्यांनी सांगितलं.

दिवसभर कोड लिहिणारा जयेश आता उसळणार, असं मला वाटलं. पण त्यांच्या घरातली होडी कधी कौलाशिवाय पाण्यात उतरली नव्हती. थंडीचे कपडे मी घेऊन देतो, असं तो बहिणीला म्हणाला. मी दोन महिने घसा कोरडा केला आणि काम झालं एका कळीने, याचा मला खरं तर रागच आला. होकार तिथल्या तिथे पाठवला.

पुढच्या आठवड्यात मंजुळाबाई दक्षताची मूळ प्रमाणपत्रं न्यायला एकट्याच आल्या. पाणी प्यायल्या, पण उठेनात. आता मीही इथे गावदेवीचा फोटो लावते, काम हलकं होईल, असं मी थट्टेने म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

“जर्मनी का आयर्लंड, असं मी इचारलंच नाय,” त्या म्हणाल्या. “तिकडून माझी पोर परत येल का, येवढंच इचारलं. दोनी देशांचं येगयेगलं इचारलं. देवीनं दोनी येलेला डावा दिला.”

मग जर्मनी का सांगितलंत, असं मी हळूच विचारलं.

“येनारच नसल, तर तिच्या मनासारखं तरी होव दे. जल्मात पयल्यांदा देवीच्या नावावर खोटं बोलले, बाय. पोरांना सांगू नको.”

अहो, मुलं येतात परत, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग माझ्याच हाताने पाठवलेली मुलं मी एकेक करून आठवत गेले, आणि प्रमाणपत्रांची फाइल त्यांच्या हातात दिली.